आधी भावाच्या दारात

बांबवडे मागे पडलं की कोल्हापूर-रत्नागिरी रस्त्यावर डोंगर जवळ सरकू लागतात आणि ढग खाली उतरतात. शाहूवाडीला एसटीतून उतरा. ऑगस्ट संपत आलाय. पुढे मलकापूर, त्यापुढे आंबा घाट, आणि घाट उतरला की कोकण. तुम्हाला तिकडे जायचं नाही. डांबरी रस्ता सोडा, पाणंदीला लागा आणि चालता चालता वर्षं मागे टाकत चला.

विजेचे खांब नाहीसे होतात. उसाचे पट्टे आक्रसतात, भात आणि नाचणा वाढतो. १९४९ साली मुंबई राज्यात विलीन झालेलं कोल्हापूर पुन्हा संस्थान होतं. मोटारीचा आवाज थांबतो. पायाखाली मुरूम येतो, मग नुसत्या बैलगाडीच्या चाकोऱ्या.

थोडे जास्तच मागे गेलात तर १८५२ लागेल. त्या साली रॉयल गूल्ड वाइल्डर हा अमेरिकन मिशनरी, अहमदनगरच्या मिशनात काही वर्षं काढून, कोल्हापुरात येऊन राहिला. त्याच्या आठच वर्षं आधी गडकऱ्यांचं बंड इंग्रजांनी मोडलेलं होतं, विशाळगड उद्ध्वस्त झाला होता आणि तिथल्या प्रतिनिधींचं ठाणं मलकापूरला आलं होतं. अशा मुलखात गोऱ्या माणसाच्या हातातल्या पुस्तकाकडे लोक संशयानं पाहत असतील, तर त्यात नवल नाही. वाइल्डर चिकटून राहिला. त्याने शाळा काढल्या, बाजारांतून उपदेश केला. १८६३ मध्ये कोल्हापुरात जन्मलेला त्याचा मुलगा रॉबर्ट पुढे अमेरिकेतल्या विद्यार्थी स्वयंसेवक चळवळीचा एक आरंभकर्ता झाला आणि त्या चळवळीतून हजारो तरुण जगभर गेले. १८७३ मध्ये घाटाखाली रत्नागिरीला मिशनचं ठाणं झालं, १८७७ मध्ये पन्हाळ्याला, पुढे वारणेकाठी कोडोलीला. १८९४ मध्ये मिरजेत डॉक्टर विल्यम वानलेस यांचं इस्पितळ उभं राहिलं. शाहूवाडी कोल्हापूर आणि रत्नागिरी यांच्या मधल्या वाटेवर. पण ठाण्यांची यादी म्हणजे श्रद्धेचा इतिहास नव्हे. त्यासाठी एखाद्या घरात शिरावं लागतं. म्हणून पुढे या आणि १९१७ पाशी थांबा.

हे वर्ष मी मुद्दाम निवडलंय. याच वर्षी शाहू महाराजांनी संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत करण्याचा कायदा केला. याच वर्षी नारायण वामन टिळक मिशनचा पगार सोडून साताऱ्यात ‘देवाचा दरबार’ मांडून बसले आहेत. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोघांनाही तिथे येशूचे शिष्य म्हणून जागा आहे. तिकडे केडगावला पंडिता रमाबाई इब्री आणि ग्रीक शिकून, साध्या बाईलाही कळेल अशा मराठीत सगळं शास्त्र उतरवत आहेत. थोर माणसं आपापल्या जागी कामाला लागलेली आहेत. तुम्ही मात्र गावकुसाबाहेरच्या एका छपराखाली जाणार आहात. ते घर कुठल्या नोंदवहीत शोधू नका. ते आणि त्यातली माणसं मी कल्पनेनं उभी केली आहेत. त्यांच्यापुढची अडचण मात्र त्या काळात नवा विश्वास धरलेल्या कितीतरी घरांपुढे होती.

महारवाड्याच्या टोकाचं हे घर. छप्पर गवताचं, भिंती कुडाच्या. भाताची लावण उरकून महिना झालाय, भांगलण चालू आहे. दारात दोन इरली उलटी टेकवलेली आहेत, त्यांच्यावरून पाणी निथळतंय. आत शेणीचा धूर कोंडलेला, डोळे चुरचुरतात. तुम्ही वाकून आत येता तेव्हा घरधनी उठतो, हात कपाळाशी नेतो आणि म्हणतो, “सलाम, पावणं. बसा की.”

ख्रिस्ती झालेल्यांचा हा नवा नमस्कार. आधी त्याला गावाला ‘जोहार’ घालावा लागे, तोही लांबून आणि वाकून. आता तो ताठ उभा राहून बरोबरीनं सलाम करतो. गावातल्या पुष्कळांना त्याच्या देवापेक्षा त्याचं हे ताठ उभं राहणंच जास्त खुपलंय.

घरधनीण तव्यावरची नाचण्याची भाकरी काढते, त्यावर खरडा ठेवते आणि पितळी तुमच्यापुढे सरकवते. १९१७ सालात या घरची भाकरी खाणं म्हणजे काय, हे तुम्हाला ठाऊक आहे. तुमचा हात क्षणभरही अडखळला नसेल तर उत्तम. अडखळला असेल तर तेही इथे कुणी बोलून दाखवणार नाही. पण लक्ष्मीबाई टिळकांचं ‘स्मृतिचित्रे’ वाचलं असेल तर आठवेल, त्या माउलीचं सोवळंही एका दिवसात गळून पडलं नव्हतं. नवऱ्याने १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतला, त्यांनी पाच वर्षांनी. मधल्या काळात एकेक घास आणि एकेक घोट पाणी यांच्याशी झगडून मन बदललं. देवाला हो म्हणणं एकदाच घडतं, पण हात, जीभ आणि पाय यांना ते शिकवायला उभा जन्म लागतो.

जेवणं झाली. चिमणी मध्ये ठेवली. बारा वर्षांची पोर कोनाड्यातून फडक्यात बांधलेला नवा करार काढते. मिशनच्या मुलींच्या शाळेत राहून ती वाचायला शिकली. बंगालमधल्या श्रीरामपूरला विल्यम केरीने वैजनाथ पंडितांच्या मदतीने मराठी नवा करार छापला तो १८११ मध्ये. म्हणजे पुस्तक शंभर वर्षं मराठीत आहे आणि या घराण्यात ते वाचू शकणारं हे पहिलंच माणूस. बाप वाचू शकत नाही. बाप्तिस्म्याआधी त्याने दहा आज्ञा, प्रभूची प्रार्थना आणि तेविसावं स्तोत्र ऐकून ऐकून पाठ केलं. त्यामुळे त्याचं ऐकणं फार निराळं आहे. आपण वाचतो आणि पान उलटतो. त्याच्या कानावर पडलेलं वाक्य मात्र दुसऱ्या दिवशी बांधावर, कुळवामागे आणि पाणोठ्यावर त्याच्या बरोबर असतं. दुसरं वाक्य येईपर्यंत तेच त्याचं शास्त्र.

आज शुक्रवार. उद्या पहाटे हे सगळे कोडोलीला निघणार आहेत. परवा तिथे प्रभुभोजन आहे. दान म्हणून नेण्यासाठी गेल्या साली राखलेला तांदूळ गाठोड्यात बांधून तयार आहे. पोर अडखळत, बोट फिरवत, मत्तयाचा पाचवा अध्याय वाचू लागते. ती तेविसाव्या वचनापाशी पोचते.

तुम्हाला हे वचन पाठ असेल. दान घेऊन वेदीपर्यंत पोचलेला माणूस. तिथेच त्याला आठवतं की भावाच्या मनात आपल्याविषयी काहीतरी आहे. येशू त्याला सांगतो, दान तिथंच राहू दे, आधी जाऊन भावाशी समेट कर, मग ये.

पोर पुढचं वाक्य लावू लागते, तेवढ्यात बाप म्हणतो, “ऱ्हाऊ दे. त्येच परत वाच.”

ती परत वाचते. बापाची नजर तांदळाच्या गाठोड्याकडे जाते.

त्याचा सख्खा थोरला भाऊ याच वाड्यात राहतो. दोन वर्षं दोघांत बोलणं नाही. दोघांना मिळून वतनाचा हाडोळ्याचा तुकडा आहे, मध्ये बांध. गेल्या उन्हाळ्यात थोरल्याने तो बांध कोरून हातभर आत सरकवला. ज्याची जमीनच ओंजळभर, त्याला हातभर म्हणजे किती, हे शेतकऱ्याला सांगायला नको. धाकट्याने मनात हा हिशेब पक्का मांडून ठेवलेला आहे. अन्याय माझ्यावर झाला, मी सोसतोय, माझा प्रभू बघतोय.

आणि आता पोरीने वाचलेलं वाक्य उलटंच विचारतंय. भावावर तुझी काय तक्रार आहे, हे त्यात नाही. तुझ्यावर त्याची काय आहे?

इथे थांबून मला एक गोष्ट सांगावीशी वाटते. डोंगरावरच्या प्रवचनातलं हे वचन आपण बहुतेक वेळा क्षमेचं वचन म्हणून ऐकतो. मी मनातून त्याला माफ केलं, विषय संपला, असं म्हणून पुढे दानपेटीकडे जातो. पण इथे क्षमा करणारा मी नाहीच. मी आरोपी आहे. ज्याचं माझ्यापायी दुखलंय त्याच्या दारात मला जायचंय, आणि माझी पूजा तोवर अडलेली आहे. मंडळीत वर्षानुवर्षं पुढच्या बाकावर बसणाऱ्या माणसांनाही हे वचन टोचतं, आणि म्हणून आपण ते भराभर वाचतो.

धाकट्याला आता आठवतं. आठवायला त्रास पडतो, कारण दोन वर्षं त्याने ते झाकून ठेवलं होतं. येसकरकीची पाळी दोघांची मिळून होती. सरकारी माणूस आला की पुढे पळायचं, सांगावे पोचवायचे, मेलेलं जनावर ओढायचं, गावदेवीच्या जत्रेत वाटणीला आलेली कामं करायची. बाप्तिस्म्यानंतर त्याने जत्रेतलं काम सोडलं. ते त्याला सोडावंच लागणार होतं, दहा आज्ञांतली पहिलीच तशी आहे. पण त्याने ते सोडलं कसं? एके सकाळी नुसतं गेला नाही. भावाला आधी सांगितलं नाही, त्याच्याशी बसून वाट काढली नाही. गावानं दोघांचं काम एकट्या थोरल्याकडून करून घेतलं, वर धाकट्याच्या नावाच्या शिव्याही त्यालाच ऐकवल्या. बलुतं कापलं ते दोघांचं. शिकवणीसाठी धाकटा कोडोलीला जाऊन राहिला तेव्हा त्याची पाळीही थोरल्यानेच ओढली. बांध कोरला गेला तो त्यानंतर.

देवाची आज्ञा पाळताना त्याने भावाच्या खांद्यावर ओझं टाकलं होतं. आज्ञा खरी होती, नकारही खरा होता. भावाचं दुखणंही तितकंच खरं होतं.

“कंदील दे,” तो बायकोला म्हणतो.

ती म्हणते, “आत्ता? पावसाचं? आन त्यो काय म्हनंल?”

“काय म्हनंल त्ये म्हनूं दे.”

तुम्हीही उठा. घोंगडं पांघरा. बाहेर पाऊस आडवा येतोय. कडवीच्या खोऱ्यातून वारा वर चढतो तेव्हा तो अंगातून जातो. वाट पन्नास पावलांची आहे आणि तो ती फार हळू चालतो. तुमच्या लक्षात येतं की चिखल हे त्याचं कारण नाही.

दार अर्धं उघडतं. आतून धूर आणि थोरल्याचा आवाज.

“कशापाई आलास?”

“दादा, तुजं माज्याकडं येनं हाय. त्ये बोलायला आलो.”

“दोन वरसांनी याद आली? जत्रंत माजी पाठ मोडली तवा कुठं हुतास? तुजा द्येव कुठं हुता?”

धाकटा खाली बघतो. बांधाचं बोलायची हीच वेळ आहे. शब्द ओठांवर आलेले तुम्हाला दिसतात. तो ते गिळतो.

“तुजं खरं हाय. म्या तुला सांगाया पायजे हुतं. सांगितलं न्हाई. माजं चुकलं.”

थोरला बराच वेळ काही बोलत नाही. मग म्हणतो, “बांध हाय तितंच ऱ्हानार.”

“ऱ्हाऊ दे.”

दार लागतं. मिठी नाही, अश्रू नाहीत, आत ये म्हणणं नाही. परत येताना धाकटा एवढंच म्हणतो, “न्हाई म्हनला.”

घरी पोर जागी आहे. तिचा प्रश्न तयार आहे, कारण तिने वाचलेलं ती विसरलेली नाही. समेट झाला नाही, मग तांदूळ न्यायचा की नाही? आधी समेट, मग दान, असं पुस्तकात आहे.

बापाकडे या प्रश्नाचं उत्तर देण्याएवढं ज्ञान नाही. पौलाने रोमकरांस लिहिलेल्या पत्राच्या बाराव्या अध्यायात या पोरीच्या प्रश्नाचं उत्तर आहे. सगळ्यांशी शांतीनं राहा, पण जितकं आपल्या हातात आहे तितकं, असं तो सांगतो. बापाने ते पत्र अजून ऐकलेलं नाही. तो म्हणतो, “नेऊया. परभूला सांगूया, म्या गेलतो म्हनून. आन सोमवारी परत जाईन.”

“त्यो परत न्हाई म्हनला तर?”

“मग मंगळवारी.”

वधस्तंभ उचलून मागे येण्याची आज्ञा मत्तय देतो, मार्क देतो. लूकच्या नवव्या अध्यायात तिच्याबरोबर ‘दररोज’ आहे. कोडोलीच्या पाळकसाहेबांनी हा फरक त्याला कधी सांगितला असेल का, कोण जाणे. सांगायची गरजही पडली नसती.

पहाटे ते निघतात. तुम्ही वारणेकडे उतरणाऱ्या वाटेवर थोडं अंतर त्यांच्यासोबत चाला. पाटलाचा माणूस वाटेत भेटतो आणि हसून म्हणतो, “काय रं, तुमच्या पुस्तकात एका गालावर मारलं की दुसरा म्होरं करायचा म्हंत्यात. मग गावाची पाळी का सोडतूस?”

हे हसणं ऐकून घ्या, कारण ते आजही संपलेलं नाही. शास्त्राच्या आज्ञा दुबळ्यांना गप्प बसवण्यासाठी वापरणारे त्या काळीही होते. ज्याच्या हातात चाबूक आहे त्याने दुसऱ्याला सहनशीलतेचं वचन ऐकवणं हे शास्त्र पाळणं नव्हे, ते शास्त्र लुटणं आहे. धाकटा भावापुढे वाकला तो आपखुशीनं, स्वतःच्या चुकीपुरता. पाटलाच्या माणसाला तो नम्रपणे म्हणतो, “जत्रंचं काम व्हनार न्हाई, म्हाराज. कोडोलीला निघालोय.” आणि चालू लागतो. काल रात्री वाकलेला आणि आज सकाळी न वाकलेला माणूस एकच आहे. दोन्ही वेळा तो एकाच धन्याची आज्ञा पाळतोय.

आता तुम्ही वर्षभर पुढे या. जून १९१८. शाहू महाराज संस्थानातली महार वतनं रद्द करतात. वेठीच्या पाळीतून माणसं सुटतात, वतनी जमिनी रयतावा होऊन त्यांच्या नावावर होतात. ज्या पाळीवरून या दोन भावांत फाटलं, ती पाळीच एका हुकुमाने गेली. मला हे सांगताना आनंद होतो आणि मी ते कुठल्याही प्रार्थनेच्या खात्यावर मांडणार नाही. राजाने न्याय केला, तो न्याय होता. अशा न्यायासाठी झटणं हेही आज्ञापालनच आहे, आणि ते करणारा ख्रिस्ती असलाच पाहिजे असं देवाने कुठे म्हटलेलं नाही. जमीन नावावर करून घेण्यासाठी माणसं आली आणि बांध कुठे होता म्हणून विचारलं, तेव्हा धाकट्याने काय सांगितलं असेल, ते मी तुमच्या मनावर सोडतो. त्याचा हातभर जमिनीवरचा हक्क खरा होता. तो त्याने मागितला असता तरी त्याची श्रद्धा उणी ठरली नसती.

त्याच साली पावसाळा सरताना इन्फ्लुएंझाची साथ आली. घरंच्या घरं आडवी झाली. इथे मी तुम्हाला आणखी पुढे नेत नाही. थोरल्याच्या घरी कोण पाणी घेऊन गेलं, दार उघडलं की नाही, अशी गोड गोष्ट रचणं सोपं आहे, पण आज्ञा पाळली की तिचं फळ डोळ्यांसमोर पडतं अशी समजूत मला तुमच्या पदरात घालायची नाही. दोन घरांची गोष्ट येशूने डोंगरावरच्या त्याच प्रवचनाच्या शेवटी सांगितली, मत्तयाच्या सातव्या अध्यायात. शाहूवाडीच्या माणसाला ती समजावून द्यावी लागत नाही. पाया खडकावर असो की वाळूवर, पाऊस दोन्ही घरांवर सारखाच पडतो. पूर दोन्हीकडे येतो. दोन्ही घरांतल्या माणसांनी वचन ऐकलेलंही सारखंच असतं. एकाने ते केलेलं असतं, दुसऱ्याने नाही.

पंडिता रमाबाई १९२२ मध्ये वारल्या. त्यांनी केलेलं संपूर्ण शास्त्राचं भाषांतर केडगावच्या त्यांच्या मुक्ती सदनाच्या छापखान्यात तिथल्याच मुली-बायांनी खिळे जुळवून छापलं. आज तुमच्या खिशातल्या फोनमध्ये मराठी शास्त्राची एकाहून अधिक भाषांतरं आहेत, ऐकायची सोयही आहे. त्या घरातल्या बापाला आठवड्याला एखादं वचन मिळे. आपल्याकडे वचनांची कमतरता कधीच पडणार नाही. म्हणूनच मला भीती वाटते. रोज सकाळी एक वचन व्हॉट्सअॅपवर पुढे पाठवून आपण ते पाळल्याचं समाधान मिळवू लागलोय. याकोब त्याच्या पत्रात आरशात तोंड पाहून लगेच विसरणाऱ्या माणसाबद्दल लिहितो. तो आपल्याला चांगलं ओळखत होता.

तेव्हा तुम्ही परत आलात की एवढं करा. मत्तय, अध्याय पाचवा, वचनं तेवीस आणि चोवीस काढा आणि ती पुन्हा वाचा. तुमच्याविषयी कुणाच्या मनात काय आहे, हे तुम्हाला आठवेल. आठवायला वेळ लागला तर बसून राहा. मग येत्या रविवारच्या उपासनेआधी त्या माणसाकडे जा. भाऊ असेल, नणंद असेल, कामावरून काढलेला माणूस असेल. तुमच्या तक्रारी घरी ठेवा, त्याची ऐका, आणि त्यातलं जेवढं खरं आहे तेवढं कबूल करा. दार लागलं तर सोमवारी पुन्हा जा.